धाब्याच्या वाड्यात अभ्यासिका: स्लॅब टाकायचा की धाबं ठेवायचं?

गिरणाकाठ: राम राम मंडळी. एरंडोलकडचा दुमजली वाडा आहे. जोतं काळ्या दगडाचं, तीन फूट उंच. वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागाच्या तुळया. खाली कॉम्प्युटरचा वर्ग, वर अभ्यासिका नि ग्रंथालय करायचंय. गवंडी म्हणतो, धाबं (तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर) काढून पाच इंची स्लॅब टाका आणि सिमेंटचा गिलावा करा. भिंतींना स्लॅबचं वजन झेपेल?

जुनासाग: भाऊ, वजनाचा हिशोब उलटा आहे. फूटभर जाडीची माती चौरस फुटाला 45-50 किलो भरते, पाच इंची स्लॅब 30 च्या आसपास. दरसाल मृगाआधी धाब्यावर खारी माती टाकून टाकून थर दीड फुटावर गेलेला असतो, तुळया वाकतात त्या त्यानेच. स्लॅब नको तो वेगळ्या कारणाने. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी, म्हणजे नेमका अभ्यासाच्या वेळी, खाली आग ओततो. शिवाय उन्हाने तो फुगतो-आकसतो, भिंतीच्या माथ्याशी भेग पडते आणि तिथून पाणी थेट मातीत.

आधी प्रत्येक तुळईला मधोमध टेकू द्या. मग माती सगळ्या खणांतून (दोन तुळयांमधल्या भागांतून) थोडी थोडी, सारखी उतरवा. एकच खण मोकळा केलात तर खांब कलतात. सात-आठ इंच थर ठेवा, उतार पन्हाळीकडे. खाली प्लॅस्टिक अंथरू नका, ओल कोंडून लाकूड कुजतं.

तुळई कुजते ती भिंतीत घुसलेल्या टोकाला. तिथे बारीक ड्रिल मारून पाहा: कोरडी तासं निघाली तर ठीक, मऊ भुगा निघाला तर दोन्ही अंगांना लोखंडी चॅनेल बोल्टने जोडा.

चुनाघाणी: गिलाव्याचं. भिंतीचा तुकडा रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवा. विरघळला तर कच्ची माती. तिच्यावर थेट चुना धरत नाही. पांढरी माती नि गव्हाचा भुसा आठवडाभर कुजवून त्याचा गिलावा करा, वाळल्यावर चुन्याचे तीन पातळ हात. जोत्याच्या सांध्यांना पंधरा दिवस मुरवलेला कळीचा चुना एक, वाळू तीन. ओल असेल तिथे निम्म्या वाळूऐवजी सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी. सिमेंट मारलंत तर ओल बाहेर पडायला वाट शोधत वर चढते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि गिलावा मातीसकट पापुद्र्याने सुटतो.

जुनासाग: एक राहिलं. ग्रंथालय खालीच घ्या. वर्गखोलीसाठी चौरस मीटरला 300 किलो भार धरतात, पुस्तकांच्या कोठारासाठी 600.

गिरणाकाठ: मग कॉम्प्युटर वर? वायरिंगला भिंत कोरावी लागेल ना?

चुनाघाणी: कोरू नका, मातीच्या भिंतीला खाच म्हणजे भेगेला आमंत्रण. पाइप तुळयांच्या कडेने उघडे न्या. आणि चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प 1:12 चा, म्हणजे तीन फुटांना 36 फूट लांब. पुढच्या गल्लीत मावणार नाही, मागच्या अंगणातून वळवून घ्या.