गावात माहिती केंद्र झालं म्हणून ग्रामसभा शहाणी होते का?

बांधावरचा:
२६ जानेवारीची आमची ग्रामसभा गणपूर्तीअभावी, म्हणजे किमान हजेरी न भरल्याने, तहकूब झाली. मग तहकूब सभा तीस-चाळीस डोक्यांत उरकली. या सभेला गणपूर्ती लागत नाही हे ज्यांना माहीत असतं, तेच गाव चालवतात. आराखडा वाचताना एका मावशींनी विचारलं, "बंधित निधी म्हणजे काय हो?" लोक हसले. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले होते, हे त्यांना आधी कळलं असतं तर त्यांनी टाकीचा विषय रेटला असता.

माझं म्हणणं एवढंच: दाखले देणाऱ्या 'आपले सरकार' केंद्रात संगणक आहे, प्रिंटर आहे, माणूस आहे. सभेच्या आठ दिवस आधी जमाखर्च आणि मागचे ठराव तिथे छापून मिळावेत.

खडूस पाटील:
भाबडेपणा आहे हा. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या पंचायतीचा आराखडा आजही दिसतो. किती जणांनी उघडून पाहिला? १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात ७० गावांत संगणक बसवले होते. जगभर गाजावाजा झाला. शेतकरी बघायचा काय, तर आपल्या उसाचं वजन आणि बिल! कारभार बघायला कुणी आलं नाही. माहिती नाही म्हणून लोक गप्प नसतात. सरपंचाला प्रश्न विचारला की घरकुलाच्या यादीतलं नाव खाली सरकतं, म्हणून गप्प असतात.

चिमूटभर मीठ:
पाटील, उसाचं वजन बघणं हा कारभार नाही का? काटा मारणं हा तर आपल्याकडचा सगळ्यात जुना राजकीय प्रश्न!

आणि पुदुच्चेरीचं उदाहरण घ्या. त्याच सुमारास स्वामिनाथन यांच्या संस्थेने तिथे ग्रामज्ञान केंद्रं काढली. जागा गावाने द्यायची, पण ती दलितांसकट सगळ्यांना खुली हवी, ही अट. वीरमपट्टणमच्या कोळ्यांना लाटांची उंची भोंग्यावरून सांगायचे. २००४ च्या त्सुनामीत लोकांना सावध करायला तोच भोंगा कामी आला. खरी गंमत त्या अटीत आहे. केंद्र कुणाच्या ओसरीवर आहे यावरच ठरतं की तिथे कोण पाय ठेवणार.

खडूस पाटील:
लाटेची उंची सांगितल्याने कुणाची खुर्ची हलत नाही. जमाखर्चाने हलते. दोन्ही एकाच तागडीत घालू नका.

जंगलवाट:
गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) विसरलात? तिथे संगणकाआधी अभ्यासगट होते. लोक बसायचे, कायदा वाचून घ्यायचे, वाद घालायचे. निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वसहमतीने. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी २०११ पर्यंत झगडावं लागलं. वन खात्याशी ते भांडू शकले, कारण कायदा गावाला तोंडपाठ होता. कागद छापणं सोपं, तो चार जणांत वाचणं अवघड.

खडूस पाटील:
मेंढा शंभरेक घरांचं एकजिनसी गोंड गाव. आमच्याकडे सात वाड्या, तीन पक्ष आणि एका विहिरीवरून दोन पिढ्यांची कोर्टकचेरी. सर्वसहमती म्हणे!

केंद्रचालक:
इतका वेळ वाचत होतो. मी त्या खुर्चीत बसतो. मला पैसे मिळतात दाखल्यामागे. जमाखर्च छापला तर कागद माझा, शाई माझी, आणि संध्याकाळी ऑफिसात बोलावून "तुला कुणी सांगितलं रे?" हेही मलाच. माझी खुर्ची पंचायतीच्याच खोलीत आहे, हे कुणाच्या लक्षात आलं का?

बांधावरचा:
हे खरंच लक्षात आलं नव्हतं. ओसरीचा मुद्दा इथे लागू पडतो. मग केंद्रातून नको. माहिती अधिकारात मागितलेले कागद हातात आहेत, ते देवळासमोरच्या फळ्यावर मीच लिहितो. मावशी म्हणाल्या, अक्षर मोठं काढ, आणि हप्त्याच्या दिवशी बचत गटात येऊन वाचून दाखव.

खडूस पाटील:
फळा पुसला गेला की फोटो टाका.