ऑक्टोबरमधील स्तनकर्करोग जागृती: कमी साखरेचा केक आणि त्यासोबतचे माहितीपत्रक

प्रश्न – ठाणेकरीण

आमच्या गृहसंकुलातील महिला मंडळ ऑक्टोबरमध्ये एका रविवारी घरी भाजलेल्या गोड पदार्थांची विक्री करणार असून जमा होणारी रक्कम टाटा स्मारक रुग्णालयाला देणगी म्हणून द्यावयाची आहे. पहिल्या बैठकीत गुलाबी आयसिंगचे कपकेक ठरले होते. परंतु ज्या आजाराच्या जागृतीसाठी हे करायचे, त्याच कार्यक्रमात साखर आणि वनस्पती तूप वाटणे बरे दिसत नाही, असे काहींचे म्हणणे पडले. त्यानंतर कणीक, नाचणी, गूळ यांची नावे निघाली आणि एका उत्साही सदस्येने तर पाकिटावर "कर्करोगरोधक केक" असे छापण्याची सूचना केली, जी मला पटलेली नाही. साखर कमी करूनही केक कोरडा होऊ नये, यासाठी काय करावे? कृत्रिम रंगाशिवाय गुलाबी छटा आणता येईल का? पाकिटावर काय लिहिणे योग्य ठरेल? आमच्यातील दोघींचे केमोथेरपीचे उपचार सुरू आहेत. त्यांनाही यातले काही देता यावे, अशी इच्छा आहे.

प्रतिसाद – भट्टीवाली

साखर केकला केवळ गोडी देत नाही. ती ओलावा धरून ठेवते, केक मऊ ठेवते आणि वरचा पापुद्रा तांबूस करते. म्हणून नेहमीच्या कृतीतील साखर सुमारे एक चतुर्थांश कमी केली तर सहसा बिघडत नाही, पण त्याहून अधिक काढायची असेल तर ओलावा धरणारे दुसरे काहीतरी घालावे लागते, आणि त्यासाठी खजुराइतका सोयीचा पदार्थ दुसरा नाही.

बिया काढलेला १५० ग्रॅम खजूर पाऊण कप गरम दुधात भिजवून गंधासारखा वाटावा. त्यात अर्धा कप दही आणि पाव कप तेल फेटावे. एक कप कणीक, अर्धा कप नाचणीचे पीठ, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा आणि वेलदोड्याची पूड एकत्र चाळून त्यात हलक्या हाताने मिसळावी. मिश्रण चमच्यातून सावकाश पडेल इतपत सैल हवे, घट्ट वाटल्यास थोडे दूध वाढवावे. १८० अंशांवर साधारण ३५ मिनिटे भाजून मधोमध सुरी खुपसून पाहावी. नाचणीत ग्लुटेन (पीठ बांधून ठेवणारे गव्हातील प्रथिन) नसल्याने ती कणकेपेक्षा जास्त घेऊ नये, नाहीतर वड्या पाडताना केक भुरभुरतो. याच्या १६ वड्या पाडल्या तर प्रत्येकीत खजुराची साखर सुमारे ६ ग्रॅम येते.

आता रंग. बिटाचा रंग मिश्रणात घालून भाजला की उष्णतेने आणि सोड्याने तपकिरी पडतो, आणि नाचणीचा केक मुळातच तपकिरी, त्यामुळे तो खटाटोप व्यर्थ आहे. बीट वाफवून किसावे, पिळून त्याचा रस काढावा आणि तो चक्क्यात कालवून वरून थापावा. लिंबाचे दोन थेंब घातल्यास रंग खुलतो. मात्र ऑक्टोबरच्या उन्हात चक्क्याला पाणी सुटते, म्हणून तो बर्फात ठेवून वडी देतेवेळीच लावावा. वर डाळिंबाचे दाणे घालता येतील. महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी मात्र ऑक्टोबरमध्ये मिळणार नाही.

प्रतिसाद – आहारशास्त्र

"कर्करोगरोधक" हा शब्द कृपया छापू नका. कोणताही केक कर्करोग रोखत नाही, मग तो नाचणीचा असो वा जवसाचा. गुळाबद्दलही तेच: तो बहुतांशी साखरच आहे, त्यामुळे गूळ घातलेल्या पदार्थाला "साखरविरहित" म्हणणे ही ग्राहकाची फसवणूक होईल. दुसऱ्या बाजूने, साखर खाल्ल्याने गाठ थेट पोसली जाते ही समजूतही चुकीची आहे. रजोनिवृत्तीनंतरचे जास्त वजन स्तनकर्करोगाचा धोका वाढवते, आणि साखर कमी करण्याचे कारण तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. मद्यानेही हा धोका वाढतो, तेव्हा कोणी रम घातलेला प्लम केक सुचवल्यास त्याला या कार्यक्रमापुरता नकार द्यावा.

उपचार घेणाऱ्या दोघींचा विचार मात्र वेगळा करावा. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना बाहेर तासन्‌तास ठेवलेले अन्न, घरी विरजलेल्या दह्याचा चक्का आणि उघडी चिरलेली फळे टाळलेली बरी. त्यांच्यासाठी ताजा भाजलेला, वरून काही न लावलेला तुकडा बाजूला काढावा आणि देण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तोंड आले असेल तर कुरकुरीत नानकटाई आणि आंबट डाळिंब दोन्ही झोंबतात, दुधात भिजवलेला मऊ केक चालू शकतो. शिवाय ज्यांचे वजन उतरत आहे त्यांना ऊर्जा आणि प्रथिने अधिक लागतात. इतरांसाठी योग्य असलेला कमी साखरेचा, कमी स्निग्धांशाचा केक त्यांच्यासाठी योग्य असेलच असे नाही.

प्रतिसाद – परळची स्वयंसेविका

पदार्थ चांगला होईलच. माझा आग्रह त्यासोबत जाणाऱ्या कागदाबद्दल आहे, कारण गुलाबी फीत (स्तनकर्करोग जागृतीचे चिन्ह) लावून माल खपवणारे पुष्कळ असतात, आणि अमेरिकेत तर याविरुद्ध "गुलाबी खरेदीपूर्वी विचार करा" अशा अर्थाची मोहीम २००२ मध्ये सुरू झाली. त्या कागदावर लक्षणे स्पष्ट लिहा: स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे. न दुखणाऱ्या गाठीकडे दुर्लक्ष होते, म्हणून "न दुखणारी" हे शब्द ठळक छापा. पुरुषांनाही हा आजार क्वचित होतो, ही ओळ असू द्या.

टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली, तेव्हा पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूंत अशी घट दिसली नाही, तेव्हा सरसकट दावा करू नये. शक्य असल्यास त्याच रविवारी एखाद्या स्त्री-डॉक्टरांना बोलावून आडोशाच्या खोलीत तपासणीची सोय करा.

मूळ प्रश्नकर्ती – ठाणेकरीण

तिघींचे मनापासून आभार. "कर्करोगरोधक" हा शब्द रद्द झाला आहे. पाकिटावर घटकांची यादी, गहू आणि दूध असल्याची ठळक सूचना आणि वडीमागे साखरेचे प्रमाण एवढेच छापू, तर लक्षणांचा कागद वेगळा देऊ. तपासणीसाठी मंडळाची खोली मिळेल. ओव्हन नसलेल्या सदस्यांना हाच केक कुकरमध्ये करता येईल का?

प्रतिसाद – भट्टीवाली

येईल. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी जाळी ठेवून तो दहा मिनिटे रिकामा तापवावा, आत पाणी घालू नये. भांडे ठेवल्यावर आच मंद करावी आणि ४० मिनिटांनंतर सुरी खुपसून पाहावी. वरचा भाग ओव्हनइतका तांबूस होणार नाही, पण चक्का लावल्यावर ते दिसतही नाही.