शब्दचर्चा: ‘आइदाते’ला मराठीत काय म्हणावं?

कापूसकोंडा: जपानी रंगाईवरच्या मजकुराचं भाषांतर चालू आहे. ‘आइ’ म्हणजे नीळ (वाचताना दर वेळी आईच आठवते, इलाज नाही), ‘आइझोमे’ म्हणजे निळीची रंगाई. इथवर ठीक. ‘आइदाते’ला ‘नीळ बनवणे’ चालेल? आणि ‘शिबोरी’ला (कापड आवळून रंगवण्याची पद्धत) सरसकट ‘बांधणी’ म्हणावं का?

निळारी: ‘नीळ बनवणे’ नको, त्यात तीन वेगळी कामं एकत्र कोंबली जातात. पहिलं ‘सुकुमो’चं, म्हणजे निळीचा पाला कुजवण्याचं. जपानात तोकुशिमाकडे निळीच्या वाळलेल्या पाल्याचा ढीग घालून त्यावर पाणी मारतात आणि काही दिवसांनी पुन्हापुन्हा वरखाली करतात. हे सुमारे 100 दिवस चालतं, ढीग आतून चांगला तापतो. त्या जागेला म्हणतात ‘नेदोको’, म्हणजे अंथरूण! दुसरं काम सुकुमोपासून रंगाचा रांजण तयार करणं, तेच आइदाते. कापड बुडवणं तिसरं. आपल्याकडे गुळीचा (नीळ देणाऱ्या झुडपाचा) ओला पाला हौदात भिजवायचा, पाणी घुसळायचं आणि तळाशी बसलेल्या गाळाच्या वड्या पाडायच्या. म्हणजे पहिल्या पायरीपासूनच वाट वेगळी.

दोरा-टाका: मूळ क्रियापद ‘तातेरु’, उभं करणे, उभारणे. जोडशब्दात ‘त’चा ‘द’ होतो. मग ‘नीळ उभारणे’ का नको?

निळारी: शब्दशः बरोबर, पण मराठीत भिंत उभारतात, गुढी उभारतात. कामाचा स्वभाव बघा, तो विरजणाचा आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून राखेच्या निवळीत सुकुमो कालवायचा, चुना घालायचा, जिवाणूंना खाद्य म्हणून गव्हाचा कोंडा आणि थोडी साके (तांदळाची जपानी दारू) द्यायची. रांजण 20 ते 30 अंशांवर उबदार ठेवायचा, पीएच (आम्ल-अल्कली मोजणारा आकडा) 10.5च्या आसपास. जिवाणू निळीला विरघळणाऱ्या रूपात आणतात. वर तांबूस झाक असलेली साय धरली आणि मधोमध निळा फेस जमला, की रांजण लागला. त्या फेसाचं नाव ‘आइ नो हाना’, निळीचं फूल. आपण दही ‘लावतो’ तशी ही नीळही ‘लावायची’.

दोरा-टाका: घोटाळा होईल हो. ‘नीळ लावणे’ म्हटलं की लोकांना धुतलेला पांढरा सदरा दिसतो. त्या पुड्यातली नीळ बहुधा अल्ट्रामरीन असते, पाल्याशी तिचा संबंध नाही.

निळारी: मान्य. मग ‘निळीचा रांजण लावणे’. याच घरातली बाकीची क्रियापदंही जुळतात. जिवाणूंमुळे आंबटपणा वाढून पीएच उतरला की रांजण ‘उतरला’. तो चढवायला घाबरून एकदम मूठभर चुना टाकला तर जिवाणूच मंदावतात, म्हणून चुना चिमटी-चिमटीने. कुजका वास आला तर ‘नासला’. कापडाबरोबर हवेचे बुडबुडे आत गेले तरी नीळ फुकट जाते. कापड आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून, पिळून, हळूच आत सोडायचं. बाहेर येतं तेव्हा ते हिरवट-पिवळं असतं, हवा लागली की बघता बघता निळं. गडद रंग हवा तर बुडवणं-वारवणं पुन्हापुन्हा. दाट रांजणात एकदाच बुडवून भागवलं तर रंग वरवर बसतो आणि हाताला लागतो.

सुताडा: शिबोरीबद्दल. ‘शिबोरु’ म्हणजे पिळणे, आवळणे. बांधणीत कापडाची चिमट घेऊन दोऱ्याने बांधतात. त्याच्या जवळ येते ती ‘कानोको’, हरणाच्या पाडसावरच्या ठिपक्यांची. ‘इताजिमे’त घडी घातलेलं कापड दोन फळ्यांत आवळतात, ‘नुई’त धावदोरा घालून चुण्या ओढतात. ‘अराशी’, म्हणजे वादळ, यात कापड खांबाला गुंडाळून वरून दोरा लपेटतात आणि सगळं एका टोकाला दाबून चुण्या पाडतात. त्या तिरक्या रेघा पावसाच्या सरींसारख्या दिसतात. या शेवटच्या तिन्हींना ‘बांधणी’ म्हणता येणार नाही. जपानच्या नागोया शहरातल्या अरिमात्सूची ओळख या साऱ्या प्रकारांची आहे. ‘शिबोरी’ तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘आवळून रंगवणे’ असा खुलासा द्या.

कापूसकोंडा: आणि ‘कामेनोझोकी’? सगळ्यात फिकी छटा म्हणून दिली आहे.

दोरा-टाका: ‘कामे’ रांजण, ‘नोझोकु’ डोकावणे. कापडाने रांजणात नुसतं डोकावून पाहिलं, एवढाच रंग! ‘आकाशी’ लिहू नका, तो त्याहून ठसठशीत. ‘ओझरता निळा’ लिहून बघा.