कणीक मिक्सरचा १४ दातांचा पिनियन: इन्व्होल्यूट काढायला कोणतं सॉफ्टवेअर?

कळव्याचा_डिप्लोमा
नमस्कार मंडळी. मामांचं चरईत पोळी-भाजी केंद्र आहे. तिथल्या सेकंडहँड जर्मन कणीक मिक्सरच्या पिनियनचे (जोडीतल्या छोट्या गिअरचे) दोन दात उडालेत. स्पेअर कुठे मिळत नाही. मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, म्हणून घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

पिनियनला १४ दात, ओडी (बाहेरचा व्यास) ४९.२ मिलिमीटर. समोरच्या गिअरला ५६ दात. दोन सेंटरमधलं अंतर १०५. ओडी भागिले (दात + २) केलं तर मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) ३.०७५ येतंय, असं मॉड्यूल कुठल्याच तक्त्यात नाही. बोअरमध्ये (मधल्या भोकात) १८ दातांची स्प्लाइन (शाफ्ट अडकवायच्या खाचा) आहे, तिचा शाफ्ट बाहेरून २४.७ भरतो.

मॉड्यूल ३ आणि प्रेशर अँगल (दात एकमेकांना रेटतात तो कोन) २० अंश धरून फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये हाताने इन्व्होल्यूट (दाताच्या बाजूचा वक्र) काढला, थ्रीडी प्रिंट केला, मिक्सरवर चढवला. खुळखुळ्यासारखा वाजतो. सॉलिडवर्क्सवर जाऊ का? की फ्यूजन?

ऐरोली_प्रिंट्स
फ्यूजनमध्ये स्पर गिअरचं अ‍ॅड-इन आहे. दात, मॉड्यूल टाक, दोन मिनिटांत गिअर हजर. हाताने इन्व्होल्यूट काढायची हौस कशाला?

रोड_नं_१६
सॉफ्टवेअर राहू दे बाजूला. आधी सांग, दात कापणार कोण? हॉबिंगवाल्याकडे (हॉब या फिरत्या कटरने दात कापणाऱ्याकडे) जाणार असशील तर त्याला तुझ्या मॉडेलचा काडीचा उपयोग नाही. हॉबचे दात सरळ असतात. हॉब आणि जॉब (कापायचा तुकडा) ठरलेल्या प्रमाणात फिरतात, त्यातून इन्व्होल्यूट आपोआप तयार होतो. तो ड्रॉइंगवर फक्त तक्ता बघतो: मॉड्यूल, दात, प्रेशर अँगल, शिफ्ट (कटर किती सरकवून कापायचं ते), रुंदी आणि स्पॅन माप (दोन-तीन दात एकत्र पकडून घेतलेलं). वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं हेच करतोय. पोरं सुंदर रंगीत मॉडेल घेऊन येतात आणि तक्त्याची जागा कोरी असते.

आता खुळखुळा. दाताची एक बाजू काढून मिरर केलीस ना? मिररची रेघ किती अंशांवर ठेवली होतीस?

कळव्याचा_डिप्लोमा
९० भागिले १४, म्हणजे ६.४३ अंश. इन्व्होल्यूट बेस सर्कलवर जिथे सुरू होतो तिथून मोजून.

रोड_नं_१६
मेख तिथेच आहे. ६.४३ हा अर्ध्या दाताचा कोन पिच सर्कलवरचा (मॉड्यूल गुणिले दात एवढ्या व्यासाचं वर्तुळ). तू मोजलास बेस सर्कलपासून. मधे इन्व्होल्यूट स्वतःच ०.८५ अंश सरकलेला असतो, २० अंशांच्या प्रेशर अँगलला. म्हणजे रेघ ७.२८ वर हवी होती. तुझा प्रत्येक दात पिचवर ०.६ मिलिमीटरने बारीक झालाय.

दुसरं, मॉड्यूल ३ च आहे. सेंटर १०५, एकूण दात ७०, दुप्पट करून भाग, ३ येतं. मग ओडी ४८ हवा होता, तुझा ४९.२ का? पॉझिटिव्ह शिफ्ट. १७ पेक्षा कमी दात असले की हॉब दाताच्या मुळाशी पोखरतो, अंडरकट म्हणतात तो. १४ दातांना तो टाळायला साधारण ०.१८ शिफ्ट लागते, त्यांनी ०.२ दिली असणार. सेंटर तेवढंच ठेवायचं तर समोरच्या गिअरला उणे ०.२. त्याचा ओडी मोजून सांग. १७४ आला तर मी चुकलो, १७२.८ आला तर जिंकलो.

कळव्याचा_डिप्लोमा
काका, १७२.७! आणि पिनियनच्या त्यातल्या त्यात कमी झिजलेल्या जागी दोन दातांवर १४.१५ आलं.

रोड_नं_१६
शिफ्ट नसती तर तिथे नवाकोरा पिनियनसुद्धा १३.८७ च भरला असता. ०.२ ने १४.२८ येतं, बाकीचं झिजलंय. तक्त्यात १४.२८ लिही आणि बॅकलॅशसाठी (दातांमधल्या मोकळ्या जागेसाठी) किती कमी ठेवायचं ते हॉबिंगवाल्याशी बोलून ठरव. आणि जुना पिनियन सोबत ने, तो आधी तोच मागेल.

पुन्हा प्रिंट करून बघायचा असेल तर शिफ्ट धरून मिररची रेघ ७.८८ अंशांवर जाते. फ्रीकॅडच्या गिअर्स वर्कबेंचमध्ये शिफ्टचा रकाना आहेच, तिथे ०.२ टाक.

ऐरोली_प्रिंट्स
मान्य, माझ्या दोन मिनिटांच्या गिअरने हे पकडलं नसतं. हाताने काढणाऱ्यांसाठी एक भर: समीकरणात कोन रेडियनमध्ये लागतो, अंश टाकले तर भलताच पसारा होतो. आणि ४१ दातांपर्यंत, शिफ्ट नसेल तर, रूट सर्कल (दाताच्या मुळाचं वर्तुळ) बेस सर्कलच्या आत असतं. तिथे इन्व्होल्यूट नसतोच. लोक सरळ रेघ मारून मोकळे होतात, प्रिंटला चालतं.

महापे_वायरकट
स्प्लाइनचं कुणी बोललंच नाही, आणि खरं मॉडेल लागणार ते तिलाच. आतली स्प्लाइन हॉबने निघत नाही. ब्रोच (भोकातून ओढायचं दातेरी हत्यार) एका नगासाठी परवडत नाही, शेपर कटरही त्या मापाचा हवा. एकच पीस असेल तर वायर-कट (तारेच्या ठिणग्यांनी कापणं), आणि आम्हाला डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) लागते. त्यातलं प्रोफाइल चुकलं की आम्ही तेच चुकलेलं इमानदारीत कापतो.

जर्मन मशीन, १८ दात, २४.७ म्हणजे बहुतेक डीआयएन ५४८० (स्प्लाइनचं जर्मन मानक), २५ × १.२५ × १८, म्हणजे रेफरन्स व्यास, मॉड्यूल, दात. इथे मॉड्यूल गुणिले दात केलंस तर २२.५ येईल, तेच बरोबर. २५ हा रेफरन्स व्यास, पिचचा नाही. त्या फरकासाठी ०.४५ शिफ्ट दिलेली असते. प्रेशर अँगल ३०, २० नाही. शाफ्टचा ओडी २४.७५, हबचा (पिनियनच्या भोकाचा) आतला व्यास २२.५. सेंटरिंग दाताच्या बाजूंवर होतं, म्हणून टोकाला आणि मुळाला गॅप ठेव. फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइनमधल्या इन्व्होल्यूट गिअरमध्ये, नवीन आवृत्तीत, अ‍ॅडेंडम, डिडेंडम (पिच सर्कलच्या वरची आणि खालची दाताची उंची) आणि शिफ्ट वेगळे टाकता येतात, तेवढ्यात काम होतं. डीएक्सएफमध्ये वक्राचे दहा-बारा तुकडे करून पाठवू नकोस, फ्लँकवर (दाताच्या बाजूवर) हाताला पैलू लागतात.

आणि शाफ्ट बरोबर आण. झिजलेल्या शाफ्टवर पुस्तकी फिट हलत बसतो.

रोड_नं_१६
क्रम पण ठरव. आधी बोअर, मग त्याच बोअरवर मँड्रेल (जॉब धरायचा दांडा) घालून हॉबिंग. उलटं केलंस तर दात एकीकडे, भोक एकीकडे. हार्डनिंग करणार असशील तर मला आधी विचार, क्रम बदलेल.

कळव्याचा_डिप्लोमा
शाफ्ट काढला. ओडी २४.७३, १८ दात. स्प्लाइन प्रिंट केली, थोडी घासल्यावर हाताने सरकते. शनिवारी जुना पिनियन आणि शाफ्ट घेऊन महाप्याला येतो, मग वागळेला.

तोपर्यंत रोज सकाळी दहा किलो कणीक मी मळतोय.