एक गट बसला म्हणून अख्खा पॅक बदलायचा का?

निकेलपट्टी:
१८ व्होल्टच्या कॉर्डलेस ड्रिलचा पॅक चार्जर घेईनासा झाला की 'सेल गेले, सगळे बदला' हा सल्ला ठरलेला. माझा त्याला विरोध आहे. आत ३.६ व्होल्टचे पाच सेल सिरीजमध्ये असतात. मोठ्या पॅकमध्ये प्रत्येक जागी दोन सेल पॅरलल, म्हणजे पाच गट आणि दहा सेल. पूर्ण भरल्यावर गटाला ४.२, एकूण २१ व्होल्ट. '२० व्होल्ट मॅक्स' छापलेला पॅकही आतून हाच.

टोकांवर १८.४ व्होल्ट दिसले म्हणून भागत नाही, पॅक उघडून गटवार मोजा. ३.९५, ३.९६, ३.९४, ३.९५ आणि २.६० यांची बेरीजही १८.४च येते. पण तो २.६० वाला गट खराबच असेल असं नाही. पुष्कळ पॅकमध्ये बॅलन्सिंग, म्हणजे गट एकसारख्या व्होल्टेजला आणायची सोय, नसतंच, आणि काहींत बीएमएस (सेलवर नजर ठेवणारा पॅकमधला बोर्ड) स्वतःचा पुरवठा एखाद्याच गटातून घेतो. समजा तो ५० मायक्रोअँपिअर ओढतो. वर्षाच्या ८७६० तासांत त्या एका गटातून ४३८ एमएएच जातात. सेल ठणठणीत आहे, फक्त मागे पडला आहे. तेवढाच गट सिंगल-सेल चार्जरने ४.२० पर्यंत भरा आणि पॅक वापरात घ्या.

एक काळजी घ्या: एकाच अडॅप्टरवर दोन चार्जर मॉड्यूल जोडून दोन गट एकदम भरू नका. मॉड्यूलांचं निगेटिव्ह सामाईक असतं, त्यामुळे मधला गट शॉर्ट होतो.

मिलिओहम:
निदान अर्धवट आहे. मागे पडलेला गट आणि क्षमता गेलेला गट पडून असताना सारखेच दिसतात. फरक लोडवर कळतो. पाचही गट ४.२० वर आणा, मग १ ते २ अँपिअरने पॅक उतरवत गटवार मोजत राहा. पाचही बरोबर उतरले तर तुमचं म्हणणं खरं. एक गट आधी ३ व्होल्टखाली कोसळला तर त्याची क्षमता गेली, आणि कितीही बॅलन्स केला तरी ती परत येत नाही.

तिसरी शक्यता गळतीची. पुन्हा ४.२० पर्यंत भरा, बीएमएस सोडवा आणि पॅक दोन आठवडे ठेवून द्या. एखादा गट बाकीच्यांपेक्षा २०-३० मिलिव्होल्ट जास्त उतरला तर आतून गळतो आहे. ही चाचणी न करता पॅक बंद करणं मला मान्य नाही.

सिरीज_पॅरलल:
एवढा खटाटोप कशाला? बॅलन्स करणारा बीएमएस टाका, चार्जिंग होताना गट आपोआप बरोबरीला येतील.

मिलिओहम:
येत नाहीत. साध्या बोर्डवर जास्त भरलेला गट उतरवायला १०० ओहमचा रेझिस्टर असला तर ४.२ व्होल्टला ४२ मिलिअँपिअर वाहतात. ५०० एमएएचचा फरक काढायला बारा तास लागतील, आणि पॅक चार्जरवर असतो जेमतेम तासभर. असा बोर्ड बरोबरीत असलेला पॅक बरोबरीत ठेवतो. बिघडलेला सुधारायचं काम हाताने, गट वेगळा भरूनच करावं लागतं.

स्पॉटवेल्ड:
माझा आक्षेप मूळ सल्ल्यालाच आहे. गट २.६० वर असेल तर ठीक, पण २ व्होल्टखाली बरेच दिवस पडून राहिला असेल तर तो भरू नका. अशा सेलमध्ये तांब्याच्या फॉइलचा अंश इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळतो, आणि चार्ज करताना तोच तांब्याचा थर भलतीकडे जमून आतून शॉर्ट करू शकतो. मीटरवर ४.२० दिसतात आणि धोका आतच राहतो.

बदलायचेच तर पाचही गट एका वेळी, एकाच मॉडेलचे, एकाच लॉटचे. जुन्या सेलचा अंतर्गत रोध ४५ मिलिओहम असला तर २० अँपिअरला तो १८ वॉट उष्णता काढतो. २० मिलिओहमचा नवा सेल काढतो ८ वॉट. शेजारचे चार जुने नव्यालाही तापवतात. शिवाय लॅपटॉपचे सेल नकोत, १५ ते २० अँपिअर सतत देणारेच घ्या. १८६५० आकाराचा अस्सल सेल ४४ ते ४८ ग्रॅम भरतो, जो फारच हलका लागतो तो परत करा.

निकेलपट्टी:
२ व्होल्टखालच्या गटाबद्दल पूर्ण सहमत, तो टाकूनच द्यायचा. पण सरसकट पाचही गट बदलायचं कारण पटत नाही. सगळे गट ४.२० वर समान करून जोडले तर सिरीजमध्ये जेवढं निघतं तेवढंच प्रत्येकात परत जातं. चार गट १९०० एमएएचचे आणि एक २५०० चा असेल तर पॅक १९०० चा होईल, बस. नव्याचे ६०० एमएएच न वापरता राहतील, त्यात नुकसान कोणाचं?

उलट स्थिती जास्त वाईट. टूल फक्त एकूण १५ व्होल्टला थांबत असेल तर चार गट ३.३ वर असताना कमजोर गट १.८ पर्यंत गेलेला असतो. तोच बदलायला हवा. मात्र पॅरलल जोडीतला एकच सेल बदलायचा नाही. ३० अँपिअरच्या लोडला २० मिलिओहमचा नवा सेल जवळपास २१ अँपिअर उचलतो आणि ४५ मिलिओहमचा जुना फक्त ९. जोडी पूर्ण बदला.

स्पॉटवेल्ड:
गणित बरोबर आहे, पण ते चारही गट सारखे जुने असतील तरच. गटवार क्षमता मोजलेली नसेल तर पुढचा कमजोर गट कोणता हे कळत नाही, आणि पॅक पुन्हा उघडावा लागतो. दर वेळी सेल जोडणारी वेल्ड केलेली पट्टी उचकटताना सेलच्या तळाचा पत्रा फाटण्याची शक्यता असते.

जोडणीत बहुतेक पॅक इथे बिघडतात: ०.१५ मिमी जाडीची शुद्ध निकेल पट्टी घ्या. निकेलचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी जास्त तापते. ओळखायची तर ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, गंज चढला तर पोलाद. पॉझिटिव्ह टोकावर कागदी रिंग हवीच, कारण तिथली कडा निगेटिव्ह असते. सोल्डर थेट सेलवर नको, उष्णतेने सील जातं. वेल्ड झाल्यावर पट्टी ओढून पाहा. पट्टी फाटून वेल्डचे ठिपके सेलवर राहिले तर वेल्ड पक्का.

सिरीज_पॅरलल:
नवे सेल बसवूनही चार्जर लाल दिवाच दाखवत असेल तर?

निकेलपट्टी:
काही बीएमएस बिघाडाची नोंद मेमरीत ठेवून कायमचे लॉक होतात, काही जोडणीचा क्रम चुकला की दगावतात. आधी मुख्य निगेटिव्ह जोडा, मग खालच्या गटापासून एकेक तार वर, शेवटी पॉझिटिव्ह. काढताना नेमकं उलट. लॉक झालेला बोर्ड सेल बदलून सुटत नाही, म्हणून सेल मागवण्याआधी बोर्डाची अवस्था तपासा.