खडकावरची शिंदळ माकुडी आणि मुंबईची खिडकी

खडकावर बारमाही हिरवं राहणारं रानफूल मुंबईतल्या खिडकीत जगेल का, असा प्रश्न एकाने विचारला. माझ्या मनात लगेच आली ती शिंदळ माकुडी. महाराष्ट्राबाहेर निसर्गात कुठेच न उगवणारी! वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिला शास्त्रीय नाव दिलं फ्रेरिया इंडिका, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. शिवनेरीच्या कड्यांवर ती सापडते. फूल चांदणीसारखं, गडद किरमिजी, वर पिवळे ठिपके, कडेला बारीक केस. परागीभवन माश्या करतात.

पूर्ण सदाहरित मात्र म्हणता येणार नाही. कोरड्या दिवसांत पानं गळतात, पण मांसल खोड हिरवं राहून तगून असतं.

मुंबईत तिला ऊन नव्हे, पाऊस मारतो. कुंडीत माती कमी, खडी आणि जाडी वाळू जास्त घाला, आणि जून ते सप्टेंबर कुंडी छज्जाखाली ठेवा. कलम लावण्याआधी कापलेला भाग चार दिवस सावलीत सुकू द्या.

एक कळकळीची विनंती: ट्रेकला गेलात तर कड्यावरून उपटून आणू नका. मुळातच फार थोडी उरलीय. कलमांपासून वाढवलेलं रोप रोपवाटिकेतूनच घ्या.