मदत हवी आहे: सरळ पट्ट्यात गाडी दम सोडते, येत्या शनिवारी परत ट्रॅकवर जायचंय

पाचवा_गिअर_सोलापूर
मंडळी, उत्तर लगेच पाहिजे. वेळ नाही.

गेल्या शनिवार-रविवारी चेन्नईला ट्रॅकवर होतो. पूर्ण वाट लागली. गाडी एका किकमध्ये चालू, पहिली लॅप झकास, आणि मग मोठ्या सरळ पट्ट्यात पाचव्या गिअरला फुल थ्रॉटल दिला की भकभक करून दम सोडते. थ्रॉटल जरा सोडला की सावरते, परत पिळला की तेच. पिटमध्ये आणून पाच-दहा मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी पळते. परत एक-दोन लॅप, परत रडगाणं. रविवारी रेसमध्ये हात वर करून कडेला यावं लागलं. मागचे दोघं अगदी आरशाला घासून गेले असते, आरसे काढलेले होते म्हणून बरं.

प्लग बदलला. एअर फिल्टर साफ केला. पेट्रोल सगळं काढून नवीन टाकलं. कार्ब्युरेटर खोलून हवा मारली. त्यामुळे 'प्लग बघ' असं कृपया कोणी सांगू नये. एन्ट्रीचे पैसे भरलेत, ते परत मिळत नाहीत. ज्याला खरंच माहीत आहे त्यानेच लिहा.

मिस्त्री_अक्कलकोट_रोड
गाडी कुठली ते सांग की बे आधी.

पाचवा_गिअर_सोलापूर
यामाहाची आरएक्स १३५, टू-स्ट्रोक बाईक. पाचवा गिअर म्हटलं होतं की.

पुणेरी_पिस्टन
पाचवा गिअर म्हटल्यावर आरएक्स १३५ हे लोकांनी ओळखावं ही अपेक्षा थोर आहे. असो. चेन्नई म्हणजे इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किमीचा ट्रॅक ना? कार्ब्युरेटर मूळचा की बदललेला? जेटिंग, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या भोकाचं माप, कुठे जुळवून घेतलं? ऑइल पंप आहे की काढला? प्लगचा रंग काय होता? ही माहिती नसताना उत्तर द्यायला आम्ही काही पंचांग घेऊन बसलेलो नाही.

पाचवा_गिअर_सोलापूर
हो, तोच ट्रॅक. कार्ब्युरेटर मिकुनीच, मोठा बसवलाय. जेटिंग इथं सोलापुरातच करून घेतलं, होटगी रोडला. इथं एक नंबर पळत होती. पंप काढलाय, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतो. प्लग पांढरा निघाला. आता सांगा.

जेटवाला
पांढरा प्लग म्हटल्यावर पुढे वाचायची गरजच नाही. मिक्स्चर लीन आहे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. कारण सांगतो, नीट वाच. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, चेन्नई जवळजवळ समुद्राच्या पातळीला. खाली हवा दाट. तेवढ्याच थ्रॉटलला इंजिनात हवा जास्त जाणार, जेट मात्र तोच. म्हणजे पेट्रोल कमी पडणार. इथं बरोबर बसलेलं जेटिंग तिथं लीनच होणार. मेन जेटचं काम पाऊण थ्रॉटलच्या पुढे सुरू होतं, म्हणून तुला त्रास फक्त सरळ पट्ट्यात होतोय. मेन जेट वाढव. आणि लवकर वाढव, कारण तुझं ऑइल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइल कमी. पिस्टन जाम झाला तर त्या वेगाला मागचं चाक लॉक होऊन सरळ जमिनीवर येशील.

मी स्वतः कोल्हापूरहून गोव्याला गाडी नेली होती, हाच प्रकार. दोन नंबर मोठा जेट टाकला, विषय संपला.

बाळीवेस_अण्णा
आरएक्स! काय आठवण काढलीत. १९८५ ला आरएक्स १०० आली तेव्हा आमच्या गल्लीत पहिली लाल गाडी आमच्या थोरल्या भावाने आणली. टिळक चौकातून आवाज आला की मधल्या मारुतीला उभा असलेला माणूस सांगायचा, कोणाची गाडी आहे ते. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मौत का कुआँवाले पण यामाहाच फिरवायचे, सायलेन्सर काढून. त्यांचं कुठलं जेटिंग नि कुठलं काय. बाळा, त्या गाडीला काही होत नाही. हल्लीच्या पोरांनी खोलखोल करून वाट लावली.

इथेनॉल_हटाव
कोणी मूळ कारणावर बोलतच नाही. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल! जुन्या गाडीचे रबर, गॅस्केट, फ्लोटची सुई सगळं खातं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी टाकीच्या तळाला, तिथून कार्ब्युरेटरमध्ये. मी दोन वर्षं ओरडतोय.

जेटवाला
ई-२० ने मिक्स्चर लीनच होतं, म्हणजे माझंच म्हणणं झालं. जेट वाढव.

इथेनॉल_हटाव
तुमचं नाही, माझं झालं. जेट वाढवून गॅस्केट वाचतं का?

पुणेरी_पिस्टन
दोघांनाही एक प्रश्न. जेट लहान असेल किंवा पेट्रोलच तसं असेल, तर पहिल्या लॅपला गाडी झकास कशी पळते? जेट काय पहिल्या लॅपला मोठा आणि तिसऱ्या लॅपला लहान होतो? आणि दहा मिनिटं उभी केल्यावर बरी का होते? गरम झाल्यावर बिघडणारी नि गार झाल्यावर सुधारणारी गोष्ट शोधा. इग्निशन कॉइल किंवा पिकअप कॉइल. गरम झाली की आतली तार तुटते, गार झाली की जुळते. माझ्या शोगनला हेच होतं, तीन मेकॅनिक फिरलो.

जेटवाला
कॉइल गेली तर प्लग पांढरा होत नाही. ओला होतो.

पुणेरी_पिस्टन
प्लग त्याने कधी काढून बघितला ते त्यालाच ठाऊक. फुल थ्रॉटलवर इंजिन बंद करून, क्लच दाबून तसाच पिटमध्ये आणून बघितला का? हळूहळू चालवत आणून प्लग बघण्याला काही अर्थ नाही.

ट्रॅकडे_वेडा
नमस्कार. ट्रॅकवर टायरचं प्रेशर रस्त्यापेक्षा कमी ठेवावं, कारण टायर तापल्यावर आतली हवा फुगते नि प्रेशर वाढतं. पिटमध्ये आल्या आल्या गरम टायरवरच मोजावं. चेन्नईच्या उन्हात याकडे फार दुर्लक्ष होतं. शुभेच्छा.

पाचवा_गिअर_सोलापूर
टायरचं कोणी विचारलंय का?

कॉइल बदलून बघितली. पिटमध्ये शेजारी हैदराबादचा एक जण होता, त्याच्याकडे जादा होती. काही फरक नाही. हे लिहायचं राहिलं.

पुणेरी_पिस्टन
अजून काय काय लिहायचं राहिलंय ते एकदाच लिहा. आम्ही थांबतो.

विजापूर_वेस_किंग
भावा, एवढं डोकं कशाला लावायलास? रात्री दोनला हैदराबाद रोडला ये, मोकळाच असतो. चार वेळा फुल खेचून बघू, कळतंय की काय ते.

धागा_व्यवस्थापक
सार्वजनिक रस्त्यावर वेगाच्या चाचण्या करण्याचे सल्ले इथे चालत नाहीत. पुढच्या वेळी प्रतिसाद उडवला जाईल.

मिस्त्री_अक्कलकोट_रोड
मी दुकान बंद करून आता वाचायलोय. सगळे भांडायलेत, पोराला कोणी विचारंना. मला दोनच गोष्टी सांग.

एक, टाकी फुल असताना लवकर दम सोडते का निम्मी असताना?
दोन, पिटमध्ये आल्यावर टाकीचं झाकण उघडतोस का?

पाचवा_गिअर_सोलापूर
याचा काय संबंध? पण सांगतो. शनिवारी फुल होती तेव्हा लवकर व्हायचं. रविवारी निम्मी ठेवली, वजन कमी म्हणून, तर जरा उशिरा झालं. मला वाटलं वजनाचाच फरक.

झाकण उघडतोच. पेट्रोल किती राहिलं ते बघायला नको का?

मिस्त्री_अक्कलकोट_रोड
सापडलं बघ. टाकी श्वास घेईना. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला पाहिजे. हवा नाही आली तर आत व्हॅक्यूम तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरंना. टाकी फुल असली की वर हवेला जागाच थोडी, म्हणून व्हॅक्यूम लवकर. निम्मी असली की जरा उशिरा. तू पिटमध्ये येऊन झाकण उघडतोस, हवा आत शिरते, गाडी बरी होते. तुला वाटतंय गार झाली म्हणून बरी झाली.

आरएक्सच्या झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलंय बघ. चिखल, पॉलिश, काय की.

पाचवा_गिअर_सोलापूर
झाकणाला भोक नाहीच. ते बंद करून तिथून नळी काढलीय, इथं लेथवाल्याकडून निपल बसवून घेतला. ट्रॅकला लागतंच ते. गाडी पडली तर पेट्रोल ट्रॅकवर सांडू नये म्हणून ब्रीदरची, म्हणजे टाकीला हवा देणारी, नळी कॅच टँकमध्ये, म्हणजे सांडलेलं पकडणाऱ्या डब्यात, सोडायची आणि मधे एकाच दिशेने सोडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. ड्रेन बोल्टला लॉकवायर, लाइट काढून टाकायचे, हे सगळं स्क्रूटिनीला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, बघतातच. हे सगळ्यांनाच माहीत असतं म्हणून लिहिलं नाही.

पुणेरी_पिस्टन
सगळ्यांनाच माहीत असतं म्हणे.

मिस्त्री_अक्कलकोट_रोड
थांबा पुणेकर. व्हॉल्व्ह कुठला बसवलायस? कोणी बसवला? फोटो टाक.

पाचवा_गिअर_सोलापूर
फोटो टाकतोय. माझ्याकडे व्हॉल्व्ह नव्हता, त्यामुळे शुक्रवारी स्क्रूटिनीला अडकलो. रात्री एका पोराने आणून दिला आणि त्यानेच बसवला. फिश टँकच्या पंपाला असतो तो. हिरवा-पांढरा, प्लास्टिकचा. त्यावर एका बाजूला 'आउट' लिहिलंय, ती बाजू त्याने बाहेरच्या दिशेने ठेवली. बरोबरच आहे ना मग? आउट म्हणजे बाहेर.

जेटवाला
अरे देवा.

पुणेरी_पिस्टन
उलटा आहे. पूर्ण उलटा. फिश टँकमध्ये त्या व्हॉल्व्हचं काम काय? पंपाची हवा टाकीकडे जाऊ द्यायची आणि टाकीतलं पाणी पंपाकडे येऊ द्यायचं नाही. 'आउट' म्हणजे व्हॉल्व्हमधून हवा जिथून बाहेर पडते ती बाजू. ती बाजू तुमच्या पेट्रोलच्या टाकीकडे हवी. आत्ता तुमच्या टाकीतून हवा बाहेर जाऊ शकते, आत येऊ शकत नाही. स्क्रूटिनीला कोणी फुंकून बघत नाही, व्हॉल्व्ह दिसला की बास.

कॉइलचं मी मागे घेतो. पण लक्षणं कॉइलसारखीच होती हे मान्य करा.

मिस्त्री_अक्कलकोट_रोड
नसती कॉइलसारखी. कॉइल गेली की खटकन बटण बंद केल्यासारखी बंद पडते. ही पोराची दम सोडत सोडत मरायलीय. पेट्रोल कमी पडलेली गाडी अशीच जाते.

आणि उलटा असूनसुद्धा गाडी एक-दोन लॅप चालली ते का, तर त्यातला रबरचा पडदा पेट्रोलच्या वाफेने फुगलाय. धड बंद होईना, धड उघडंना. थोडी हवा चोरून आत यायची. म्हणून नुसता फिरवून बसवू नकोस बे, फुगलेला पडदा दुसऱ्या बाजूने पण चिकटतो. पेट्रोलला चालणारा, आत गोळी असलेला घे.

खात्री करायची असली तर घरीच कर. गाडी स्टँडला लाव, मोकळ्या हवेत. कार्ब्युरेटरकडची पेट्रोलची नळी काढून बरणीत सोड. झाकण घट्ट लाव, व्हॉल्व्ह आहे तसा ठेव, कॉक उघड. धार बघत बस. बारीक झाली की झाकण उघड आणि काय होतं ते बघ. आसपास बिडी-सिगारेट नको, आणि घराच्या आत तर अजिबात नको.

बाळीवेस_अण्णा
मी म्हटलं नव्हतं का, गाडीला काही होत नाही म्हणून.

इथेनॉल_हटाव
तो रबर फुगला कशाने? इथेनॉलने. बसा आता.

मिस्त्री_अक्कलकोट_रोड
फिश टँकचा रबर साध्या पेट्रोलला पण टिकत नाही मालक.

पाचवा_गिअर_सोलापूर
करून बघितलं आत्ता, अंगणात. सुरुवातीला बोटाएवढी धार. लोणच्याची बरणी अर्धी व्हायच्या आत ती सुतासारखी झाली, मग नुसते थेंब. झाकणाची चावी फिरवली तर फस्स आवाज आला आणि धार परत दाणकन सुरू, बरणीबाहेर सांडलं थोडं. आई ओरडतीय, बरणी तिची होती.

नंतर व्हॉल्व्ह काढून नुसती नळी ठेवली आणि परत केलं. धार शेवटपर्यंत तशीच.

त्या चेन्नईच्या पोराला आता काय बोलू. एवढ्या आत्मविश्वासाने बसवला होता.

मिस्त्री_अक्कलकोट_रोड
त्याला बोलू नको, स्क्रूटिनी तरी पास करून दिली. आता दुसरं बघ. गाडी एवढा वेळ पेट्रोलविना ओढलीस, ऑइल पण कमी मिळालंय. सायलेन्सर काढ, एक्झॉस्टच्या भोकातून बॅटरी मारून पिस्टन बघ. उभे ओरखडे दिसले तर शनिवार विसर, ब्लॉक खोलावा लागेल. नाही दिसले तर सकाळी दुकानावर ये, व्हॉल्व्ह माझ्याकडे आहे एक. पैसे घेणार.

जेटवाला
हे सगळं ठीक, पण माझा मुद्दा कोणी खोडलेला नाही. व्हॉल्व्ह सरळ केला तरी सोलापूरचं जेटिंग चेन्नईला लीनच राहणार. आत्तापर्यंत व्हॅक्यूमच्या गोंधळात ते झाकलं गेलं. एक नंबर मोठा मेन जेट टाकून जा, शनिवारी पहिल्या सेशनला फुल थ्रॉटलवरून बंद करून प्लग बघ. कॉफीच्या रंगाचा आला तर ठेव, काळा ओला आला तर जुना जेट लाव. दोन्ही खिशात ठेव.

पुणेरी_पिस्टन
हे मात्र बरोबर आहे. लिहायला त्रास होतोय, पण बरोबर आहे.

पाचवा_गिअर_सोलापूर
पिस्टन बघितला, ओरखडे नाहीत. मोठा जेट घेतोय. मिस्त्री, सकाळी दहाला येतो.

शेवटचं एक. गुरुवारी रात्री पिकअप निघतोय, एका गाडीची जागा रिकामी आहे. डिझेल निम्मं निम्मं. कोणी येणार असेल तर लगेच सांगा.

ट्रॅकडे_वेडा
मी येऊ शकतो, बार्शीहून. टायरचं प्रेशर मोजायचा गेज माझ्याकडे आहे.

पाचवा_गिअर_सोलापूर
या. गेज आणा.